वाट दुरुस्त असल्याचा शेरा

महाराष्ट्र राज्य होण्याच्या आदल्या वर्षी मी ग्रामसेविका म्हणून नोकरीला लागले. वय बावीस, प्रोबेशनवर, यवतमाळ गावात वाढलेली. दिग्रसहून पुसदकडे जाणाऱ्या मोटारीनं एका फाट्यावर उतरायचं, तिथून अर्ध्या मैलावर डोंगराच्या पायथ्याचं गाव. तिथं मला एक खोली मिळाली होती. माझ्याकडे पाच वस्त्या दिल्या होत्या. चार सपाटीवरच्या, कापूस-तुरीवाल्या शेतकऱ्यांच्या, आणि पाचवा डोंगरावरचा बंजाऱ्यांचा तांडा. त्या चार वस्त्यांचं आज मला फारसं काही आठवत नाही. तांड्याची वाट मात्र डोळे मिटून सांगता येते, आणि सांगताना अजूनही माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात.

अडीच मैलांची पायवाट होती ती. आश्विन लागला की खालच्या लोकांना वाटायचं, पाऊस गेला, आता डोंगर चढायला सोपा. हे शहाणपण ओट्यावर बसणाऱ्यांचं. भर पावसात माणूस निदान भिऊन तरी चालतो. आश्विनात आभाळ धुतलेलं, ऊन कोवळं, सागाच्या पानांची जाळी झालेली, सगळं पाहायला छान. पण चार महिने पाण्यानं आतून पोखरलेली माती वरून वाळून कडक झालेली असते. तिच्यावर पाय दिला की ताटाएवढा पापुद्रा सुटून खाली जातो. मुरूम वाळला की ज्वारीच्या दाण्यांसारखा पायाखालून पळतो. नाल्यातल्या दगडांवरचं शेवाळ अर्धवट वाळलेलं असतं, आणि ते ओल्या शेवाळापेक्षा जास्त दगा देतं. त्यात कमरेच्या वर गवत, वाट कुठं आहे तेच दिसू देत नाही.

पहिला फर्लांगभर सपाट, पळसातून जाणारा. मग चढ. मध्यावर एक जागा होती, तिला शिडी म्हणत. पावसाळ्यात तिथून नालाच वाटेवर उतरायचा आणि जाताना पायऱ्यांचे दगड घेऊन जायचा. आणि सगळ्यात वर, तांड्याच्या थोडं अलीकडे, कड. एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला नाला, आणि मध्ये जेमतेम वीतभर वाट, चाळीसेक पावलांची. ती दर पावसाळ्यात ढासळायची.

मला ती वाट एका बंजारा बाईनं शिकवली. पन्नाशीच्या आतबाहेर असेल, उंच, हातभर बांगड्या, घागऱ्याचा ओचा कमरेला खोचलेला. तांड्यात तिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मीही याडीच म्हणू लागले. माझ्या कामाची दोन पत्रं तांड्याच्या नायकाला वाचून दाखवली त्या दिवशी तिनं आपणहून ठरवलं, की या पोरीला एकटीनं येऊ-जाऊ द्यायचं नाही. दर मंगळवारी ती शिडीपर्यंत मला घ्यायला यायची आणि परत शिडीपर्यंत सोडायची.

तिच्या चालण्यात घाई अशी कधी नव्हती. उतरताना पाऊल आडवं टाक, काठी पानांच्या ढिगात आधी घाल आणि मग पाय, असं ती करून दाखवायची. बोलायची कमी. एकदा मी घसरताना गवताचा झुबका धरला आणि झुबका मुळासकट माझ्या हातात आला. तिनं माझं मनगट पकडलं आणि म्हणाली, "गवताले नोको धरू बाई. गवत कोनाचं नसते."

दर वर्षी दसरा झाला की तांड्यातली बायामाणसं दोन दिवस वाटेवर घालवत. शिडीचे दगड परत रचायचे, कडेला धावड्याचे खुंट ठोकून त्यांच्यामागे दगडमाती भरायची. कुणी सांगायला लागत नसे. मी आले त्या वर्षी मात्र भादव्यातच आमच्या ऑफिसचे ओव्हरसियर जीपनं पायथ्याला आले. हसरा, गोरा, नेहमी पान खाल्लेला माणूस. त्यांनी नायकाला खाली बोलावून सांगितलं की ही वाट आता योजनेत बसली आहे, सरकार ती नीट करून देणार आहे. तेव्हा यंदा तांड्यानं तिला हात लावू नये. तुम्ही दगड हलवले तर माझं मोजमाप बिघडतं, असं ते म्हणाले. नायकानं मान डोलावली. सरकार वाट करून देतं म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?

सरकारनं काय केलं ते सांगते. दहा-बारा माणसं आली. त्यांनी पळसातला पहिला फर्लांग, जिथं जीप जाते तो, साफ केला. दोन्ही बाजूंना दगड लावले आणि त्यांना चुना फासला. एक फोटोवाला आला. ओव्हरसियर साहेबांनी कुदळ हातात घेऊन फोटो काढून घेतला, आणि माणसं निघून गेली.

आठ दिवसांनी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. एक छापील कागद होता. पायथा ते तांडा, अडीच मैल, वाट दुरुस्त, वापरात आहे, असा शेरा. खाली वाट वापरणाऱ्या कर्मचाऱ्याची सही हवी होती. मी म्हटलं, साहेब, वरचं तर काहीच झालं नाही. ते म्हणाले, दसऱ्यानंतर होणारच आहे, कागद मात्र या महिन्यात जायला हवा. मग हसून म्हणाले, "तुम्ही दर आठवड्याला जाता. तुमच्या सहीला वजन आहे बाई."

मला बरं वाटलं. हे मी लपवत नाही. बावीस वर्षांच्या मुलीला एवढ्या मोठ्या माणसानं तुमच्या सहीला वजन आहे म्हटलं, आणि तिला बरं वाटलं. शिवाय प्रोबेशन होतं. मी सही केली, तारीख घातली, आणि बाहेर येऊन चहा प्यायले.

दसरा गेला. ओव्हरसियर आले नाहीत. मी दोनदा विचारलं, दोनदा त्यांनी पुढच्या आठवड्यावर ढकललं. तांडा सांगितल्याप्रमाणे हात बांधून बसला.

दिवाळीला पाच-सहा दिवस असतील. मंगळवारी सकाळी लवकर वर जाऊन, काम आटोपून मी निघाले. याडी पुढं, मी चार पावलं मागं. कडेच्या मधोमध आलो. तिथं वाट दिसायला चांगली होती, वाळलेली, स्वच्छ. याडीनं काठी टेकवली, पाय ठेवला, आणि तिच्या पायाखालची वाट निघून गेली. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. पोतं सरकावं तसा झाला. दोन पुरुष उंचीएवढं खाली, नाल्याच्या काठच्या दगडांत ती पडली.

मी ओरडले असेन. खालून तिचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

"हलू नोको. भितीले पाठ लाव. अन् मांगं मांगं सरक, खाली पाहू नोको."

मांडीचं हाड मोडून पडलेली बाई मला चालायला शिकवत होती. मी तिनं सांगितलं तशी पाठ भिंतीला लावून मागं सरकत गेले आणि मग तांड्याकडे पळाले.

माणसं आली, बाज आणली. नाल्यातून तिला वर काढलं, पण बाज कडेवरून जाईना. चार माणसांना शेजारी-शेजारी पाय ठेवायला जागाच नव्हती. शेवटी तिच्या मुलानं तिला पाठीवर घेतलं आणि तिच्याच ओढणीनं घट्ट बांधलं. मोडलेला पाय दोन काठ्यांमध्ये आवळून मागं एकानं धरला. कडेचा ढासळलेला भाग त्यांनी नाल्यातून उतरून, पुन्हा चढून पार केला. शिडीवर मुलगा दोनदा गुडघ्यावर आला. याडी ओरडली नाही. तिनं मुलाच्या पागोट्याचं टोक दातांत धरलं होतं.

खाली यायला दुपार झाली. पळसात आलो तर दोन्ही बाजूंना ते चुना फासलेले दगड, लग्नाच्या मांडवात वऱ्हाडी उभे राहतात तसे उभे. मी त्यांच्यामधून चालले. त्या क्षणी मला ओव्हरसियर साहेब भेटले असते तर मी काय केलं असतं ते सांगता येत नाही. आणि ते भेटले नाहीत तरी मी होतेच की तिथं. सही माझी होती.

बैलगाडीनं दिग्रसला नेलं. डॉक्टरांनी हाड बसवलं, पण उशीर झाला होता, आणि इतका हलवलेला पाय नीट जुळत नाही असं ते म्हणाले. पाय चार बोटं आखूड झाला. दोन महिन्यांनी मुलानं तिला पाठीवर घेऊन परत वर नेलं. मधल्या काळात तांड्यानं कुणाला न विचारता कड भरून काढली होती.

मी ऑफिसात गेले. ओव्हरसियर साहेबांनी दप्तर काढलं, तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि सहीवर बोट टेकवलं. रागावले नाहीत. म्हणाले, रेकॉर्डप्रमाणे वाट दुरुस्त आहे. मग पडणाऱ्याची चूक असणार. आमचे मोठे साहेब, म्हणजे गटविकास अधिकारी, त्याहून मवाळ. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावलं की बाई सरपण तोडताना पडली असं लिहून दिलं तर कुणालाच त्रास होणार नाही, मलाही नाही. मी चहा तसाच ठेवला. सरपणाचं लिहिलं नाही. पण खरंही त्या दिवशी लिहिलं नाही. तेवढी माझी छाती झाली नाही.

याडीला मात्र सांगायचं ठरवलं. ती परत आल्यावर पहिल्याच मंगळवारी तिच्या झोपडीत गेले. ती भिंतीला टेकून चोळीवर, त्यांच्या कांचळीवर, आरसे टाकत बसली होती. मी सगळं सांगितलं. कागद, शेरा, सही. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, किंवा जाऊ दे म्हणेल. तिनं सुई थांबवली आणि विचारलं, "काय लिवलं होतं त्याच्यात, ते तुले वाचता आलं ना?"

मी हो म्हटलं.

"मले वाचता येत नाई," ती म्हणाली. "तुले येते. मंग?"

तिनं पुन्हा सुई उचलली. त्यानंतर कित्येक मंगळवार ती माझ्याशी बोलली नाही. मी यायचे, ती बसलेली असायची, मी काम करून जायचे. शिडीवर आता मला घ्यायला कुणी येत नव्हतं.

याडीनं विचारलं त्या रात्रीपासून मी लिहायला लागले. रिपोर्टाचा मथळा, वाटेची स्थिती. पायथ्यापासून सुरुवात करायची. कुठं मुरूम सुटला आहे, शिडीचे किती दगड जागेवर आहेत, कडेची रुंदी किती विती, कुठल्या खुंटाला वाळवी लागली, नाला कुठं ओलांडावा लागतो. दर पंधरवड्याला एक. ऑफिसातले कारकून हसायचे. गटविकास अधिकाऱ्यांनी एकदा निरोप धाडला की बालवाडी आणि बिनधुराच्या चुलींचं लिहा, डोंगराचं वर्णन नको. मी चुलींचं लिहिलं आणि त्याखाली वाटेचं लिहिलं. माझी बदली करू असं तोंडी सांगून झालं. मी म्हटलं, करा. खरं तर करू नका असं मनात होतं. मला तिथून असं जायचं नव्हतं.

दुसऱ्या वर्षीचा पाऊस मोठा झाला. कड पुन्हा गेली, शिडीचा तर मागमूस राहिला नाही. दसरा झाला, तेव्हा तांड्याची माणसं नेहमीप्रमाणे नायकाच्या ओट्यासमोर बसली, कामाला केव्हा निघायचं ते ठरवायला. मी तिथं होते. याडीही काठीच्या आधारानं येऊन बसली होती. नायक बोलायच्या आधी तीच बोलली. तिनं त्यांच्या गोरबोलीत सांगितलं आणि मग माझ्याकडे पाहून मुद्दाम मराठीत सांगितलं, मला कळावं म्हणून. "या वर्साले वाटेले कोनी हात लावू नोका. हाये तशी राहू द्या. ज्यायनं नीट केली म्हनून लिवलं, त्यायले पाहू द्या."

लोकांना ते पटायला वेळ लागला. वाट म्हणजे त्यांचं मीठ-मिरची, बाजार, दवाखाना. पण शेवटी पटलं. महिनाभर ते नाल्यातून लांबचा वळसा घालून, गुडघाभर चिखलातून ये-जा करत राहिले, आणि वाट तशीच पडू दिली. असा राग मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यात आरडाओरडा नव्हता, फक्त रोजचा दीड तास जास्तीचा होता.

आणि कार्तिकात यवतमाळहून बडे साहेब पाहणीला येणार असं कळलं. तांड्याचा विकास पाहायचा होता त्यांना. ऑफिसनं मांडव घातला तो पायथ्याला, चुन्याच्या दगडांच्या टोकाला. नायकाला निरोप गेला की तांड्यातल्या सगळ्यांनी नवे कपडे घालून खाली यावं. निरोप घेऊन मलाच पाठवलं. उत्तरही मीच घेऊन आले.

मांडवात साहेब खुर्चीवर बसले होते, शेजारी गटविकास अधिकारी, मागं ओव्हरसियर. मला विचारलं, लोक कुठं आहेत? मी उभी राहिले.

"नायकानं सांगितलंय," मी म्हटलं, "साहेबाले वर या म्हना. वाट दुरुस्त हाये ना."

ओव्हरसियर पुढं येऊन घाईघाईनं बोलू लागले, की लोक अडाणी आहेत, वर बघण्यासारखं काही नाही. बड्या साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. साहेब पन्नाशीचे होते, पण अंगानं सडपातळ. त्यांनी काठी मागवली आणि मला पुढं व्हायला सांगितलं.

मी पुढं झाले. वाटेत मी त्यांना एक शब्द सांगितला नाही. पाऊल आडवं टाका म्हटलं नाही, काठी आधी घाला म्हटलं नाही. मला याडीनं जे दिलं होतं ते या लोकांना फुकट द्यायची माझी तयारी नव्हती. हे क्षुद्र होतं, कळतंय मला. पण त्या दिवशी मी तशी होते. गटविकास अधिकारी पळस संपल्यावर धाप लागून बसले. शिडीवर बडे साहेब घसरले, हाताला खरचटलं, त्यांनी गवत धरलं आणि गवत हातात आलं. ते उठून पुढं चढू लागले. ओव्हरसियर मागं राहत राहत दिसेनासे झाले.

कडेपाशी आलो. कड नव्हतीच. भिंत होती, खाली नाला होता, आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी खुंट हवेत लोंबकळत होते. पलीकडच्या बाजूला तांडा उभा होता. सगळे, बायका-पोरांसकट, रोजच्या कपड्यांत. कुणी हात हलवला नाही, कुणी नमस्कार केला नाही. याडी पुढं दगडावर बसली होती, आखूड पाय लांब करून.

साहेबांनी खाली नाल्यात पाहिलं. मग मला विचारलं, "हीच का ती दुरुस्त झालेली वाट?"

"हो," मी म्हटलं. "कागदावर माझी सही आहे."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही. याडी कोण आणि तिच्या पायाला काय झालं तेही मी तिथंच उभं राहून सांगितलं. ती पलीकडे ऐकत होती. साहेबांनी तिला काही विचारलं नाही. नाल्यातून वळसा घालून जाता येईल असं मी म्हणाले, पण ते नको म्हणाले आणि माघारी फिरले.

आता पुढं काय झालं ते ऐकून कुणाला समाधान वाटेल असं नाही. पौष महिन्यात पहारी आणि सुरुंग घेऊन खरी माणसं आली. कड फोडून दोन हात रुंद केली, भिंतीला दगडी बांध घातला. शिडीचं काम अर्धं सोडून ती निघून गेली, ते तांड्यानं पुरं केलं. ओव्हरसियर साहेबांची बदली झाली, मोठ्या गावात, पुढं बढतीही मिळाली. गटविकास अधिकारी होते तिथंच राहिले. मला मेमो आला. प्रत्यक्ष पाहणी न करता खोट्या शेऱ्याखाली सही केल्याबद्दल खुलासा मागवला होता, आणि प्रोबेशन एक वर्षानं वाढवलं. त्या सगळ्या प्रकरणात शिक्षा झालेली मी एकटी. पाय मोडला ती सोडून.

मेमोतला एक शब्दही चूक नव्हता, म्हणूनच जास्त संताप झाला. मी खुलाशात लिहिलं, आरोप मान्य आहे, आणि वाट मी दर आठवड्याला पाहत होते, त्यामुळे 'पाहणी न करता' हे शब्द दुरुस्त करून 'पाहणी करून' असे वाचावेत.

याडी पुढं माझ्याशी बोलायला लागली. कामापुरतं. पोराला ताप आहे, गोळ्या आण, असं. पूर्वीसारखं मनगट तिनं पुन्हा कधी धरलं नाही. मीही त्याची अपेक्षा करणं सोडलं. दोन वर्षांनी माझी बदली वणीकडे, राजूरच्या बाजूला झाली. कोळशाची धूळ, सपाट जमीन. तिथं चालायला काहीच अडचण नव्हती.

साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा दिग्रसच्या स्टँडवर तांड्यातली एक सून मला भेटली. तिनं मला ओळखलं, मी तिला नाही. तिनंच सांगितलं की याडी जाऊन दोन वर्षं झाली. तापानं गेली. पायाचं विचारलं तर म्हणाली, शेवटी कडेपर्यंत काठीनं जायची, तिथं बसून खाली बघायची, पण उतरली नाही. मी विचारू नये ते विचारलं, माझ्याबद्दल काही बोलायची का?

"हो, बोले ना," ती म्हणाली. "म्हने, बाई खोटी नवती. साहेबाले भेली, अन् आमाले नाई भेली."

तिची मोटार लागली, ती गेली. माझीही लागली होती. मी बाकावरच बसून राहिले. कंडक्टरनं दोनदा आवाज दिला, तरी उठले नाही. मला भलताच राग आला होता. ते बोलणं खरं होतं. तांड्यालाही भ्यायचं असतं, हे मला यवतमाळात कुणीच शिकवलं नव्हतं. आणि उत्तर द्यायला आता ती नव्हती. पुढची मोटार दीड तासानं होती. तीही गच्च भरून आली, आणि मी पुसदच्या नाक्यापर्यंत उभ्यानंच गेले.